उपाशी पाठवायचं कसं

१२ जाने., सोमवार
मशीन चालू झालं! मिश्राजींनी साबणाचा फेस लावून एकेक जोड तपासला, गळका नळ शोधला आणि मोठ्या ऐटीत चहा मागितला. माणसांना भूल देण्यात या गृहस्थांची हयात गेली. निवृत्त होऊन कुडव्यात आमच्या गल्लीत राहायला आले, तेव्हापासून घरी बायकोला नकोसे झालेत आणि इथे जनावरांच्या दवाखान्यात मला हवेसे. हे जुनं भुलीचं मशीनही त्यांनीच एका बंद पडलेल्या नर्सिंग होममधून मिळवून दिलं. आजवर त्यावर फक्त कुत्री झोपवली. आज म्हणतात, "मॅडम, अब कोई बड़ा मरीज लाओ."
म्हटलं, हत्ती आणते.

१४ जाने., संक्रांत
हत्ती नाही, मेंढी आली. सौंदडहून, मालाच्या ऑटोत, गोधडीवर बसून. नाव टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात घंटी, आणि गळ्याखाली आंब्याएवढी गाठ. श्वास घेताना घरघर. सोबत मालक मनसाराम आणि त्याची बायको भागरता.
धान कापून झालंय. लोक खतासाठी यांचा कळप बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बसवायला बोलावतात. आज या बांधीत, उद्या त्या. टिकली पुढे निघाली की घंटीमागे सगळा कळप. ती म्हातारी झाली तरी तिचं पुढारपण गेलेलं नाही.
गाठ काढावी लागेल. मोठ्या शिरांना खेटून आहे, नुसती जागा बधिर करून जमणार नाही. पूर्ण झोपवावं लागेल.
मी मेंढी तपासत होते, पण नजर मालकावर. डोळे पिवळे. मधेच पोट धरत होता. भागरताने मला बाहेर नेऊन सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, हा ऐकत नाही. याचा मोठा भाऊ ऑपरेशनला झोपला तो उठलाच नाही. "तवापासून भुलीचं नाव काढलं की उठून जाते, बाई."
आत आले तर मनसारामचा निकाल तयार.
"टिकलीले झोपवा. ते उठली त मी बी जातो."
"अहो, असं कुठे असतं का? ती मेंढी आहे, तुम्ही माणूस."
"मंग रायलं."
दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायला मात्र मला जमलं नाही.

१५ जाने.
मिश्राजींशी भांडण. दुपारभर.
प्रश्न असा. आयसो, म्हणजे आमचा नेहमीचा भुलीचा वायू, एकटा वापरला तर तो भरपूर लागतो, आणि म्हातारीचं बीपी त्याने ढासळेल. मिश्राजींचा उपाय आयुष्यभर ठरलेला. "थोड़ा नाइट्रस मिला दो, आइसो आधा लगेगा." माणसात खरं आहे. पण मेंढीच्या पोटात डावीकडे आंबवणाचा रांजणच असतो, तिथे कायम हवा. नायट्रस हा दुसरा वायू अशा पोकळीत जाऊन बसतो, पोट फुगतं, फुप्फुसांवर दाब येतो.
मि.: "पेट तो इंसान का भी होता है."
मी: "इंसान जुगाली नहीं करता, मिश्राजी."
मग मिश्राजी दहा मिनिटांनी, "और भूखी रखें तो?"
उपाशी ठेवलं तर आंबणं कमी, धोका कमी. शेवटी ठरलं ते असं: आयसो आणि ऑक्सिजन. नायट्रस अगदीच गरज पडली तर, थोडा वेळ, आणि माझा एक डोळा तिच्या डाव्या कुशीवर.
भागरताला फोन. आदल्या दिवसापासून चारा बंद, रात्रीपासून पाणीही बंद. तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. "हो बाई, हो."

१७ जाने.
उद्या टिकली.
किती मेंढ्या फाडल्या, शिवल्या, कधी विचार केला नाही. पण या वेळी टेबलावर एक आणि दाराशी बसलेला एक, असे दोन जीव आहेत. मनसारामने मला न विचारता माझ्या गळ्यात हे काय बांधून ठेवलं! राग येतो त्याचा. आणि तो जगावा असंही फार वाटतं.

१८ जाने., रविवार
आजचं आजच लिहून ठेवते.
सकाळी विचारलं, "उपाशी आहे ना?" भागरता म्हणाली, "हो." जमिनीकडे बघत. तिथेच थांबायला हवं होतं.
मनसारामने घंटी सोडून खिशात ठेवली आणि दाराबाहेर जाऊन बसला. टिकली छान झोपली. श्वासनळीत नळी, नळीभोवतीचा फुगा नीट फुगवलेला, मिश्राजी डोक्याशी स्टुलावर. गाठ सावकाश सुटत होती. अर्ध्यात बीपी घसरायला लागलं. आयसो कमी केला तर ती जबडा हलवायला लागली. वाढवला की बीपी खाली. मिश्राजींनी नायट्रसच्या नळाकडे पाहिलं. मीच म्हटलं, "खोला."
नायट्रस आला, आयसो उतरवला, बीपी वर. मिश्राजींचा चेहरा खुलला. माझाही.
मग डावी कूस फुगलेली दिसली. आधी वाटलं भास. बोटाने टिचकी मारली, ढोलकीसारखी वाजली.
"बंद!"
मी म्हणायच्या आत त्यांचा हात नळावर होता. पूर्ण ऑक्सिजन. मी पोटात नळी सरकवली. आधी भसकन वारा. मग पांढरं पाणी, आणि त्यात भाताची शितं.
पेज! आंबट वास सगळ्या खोलीभर.
"ये क्या, मॅडम? चावल?"
श्वासनळीतला तो फुगा नीट बसला नसता तर ही पेज फुप्फुसात गेली असती आणि संपलंच असतं. कूस बसली. थोड्याशा आयसोवर उरलेली गाठ काढली, टाके घातले, गॅस बंद केला.
आणि टिकलीबाई उठेना.
श्वास आहे, ठोके आहेत, पण पापणी हलत नाही. मिश्राजी तिच्या कानाशी हळू आवाजात "उठो बेटा, हो गया, उठो" म्हणत होते. आयुष्यभर माणसांना म्हणत आले असतील तसंच. मी तिचे पाय चोळत होते. दारातून मनसारामने विचारलं, "उठली का?" मी आणखी जोरात चोळू लागले.
तो आत यायला उठला. खिशातली घंटी वाजली. टिकलीचा कान हलला. मग मान उचलली तिने, झिंगलेली, तोंड वाकडं, आणि त्याच्याकडे बघून बें केलं.
मी रडले. लपवलं नाही.
नंतर भागरताला व्हरांड्यात गाठलं. झापायचं सगळं तयार होतं. ती आधीच पदर तोंडाला लावून उभी.
"निघतानी वाडगाभर पेज देली, बाई. उपाशी कशी पाठवू? वापस येते का नाई, कोन सांगावं. आमच्या घरून कोनी उपाशी नाई गेलं आजलोक."
"फोनवर मला हो म्हणालीस."
"तुमी रागावल्या असत्या."
झापलंच मी. चांगलं खडसावून. मग दोघी पायरीवर बसून चहा प्यालो.

२१ जाने.
टिकलीने आज रवंथ केला. इतकं सुंदर दृश्य मी या वर्षात पाहिलं नाही. मिश्राजी रोज येऊन तिला बघतात आणि माझ्याशी बोलायचं टाळतात. शेवटी आज म्हणाले, "आप सही थीं." म्हटलं, "'खोला' तर मीच म्हणाले होते ना." दोघंही थोडे हलके झालो.
मनसाराम आला होता. मेंढीजवळ बसला, टाके पाहिले, गेला. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पळाला असता.

२४ जाने.
विचारावं लागलं नाही. जाताना चप्पल घालत मनसाराम, माझ्याकडे न बघता:
"तारीख घेतली. गुरुवारची."
"शाब्बास."
"शाब्बास कायले? शब्द देला होता." मग बराच वेळ चप्पलच घालत राहिला. "ते झोपलेली असताना तिले काई कळत होतं का, बाई?"
"काही नाही."
"अना भेव?"
त्याला काय सांगू? मेंढीने मला कधी सांगितलं नाही. मिश्राजी शेजारी होते, तेच म्हणाले, "डर तो सोने से पहले लगता है. तब मैं रहूँगा. दरवाजे तक." मनसारामने मान हलवली. तोवर टिकली माझ्याकडे राहील असंही ठरवून टाकलं त्याने, मला न विचारता. नेहमीसारखंच.

२९ जाने., गुरुवार
सकाळी भागरताचा फोन, माणसांच्या दवाखान्यातून.
"बाई, याले काईच नाई देलं. पानी बी नाई. पेज मांगून रायला होता लेकरावानी. नाई देली." मग रडायलाच लागली. "पयल्यांदा कोनाले उपाशी पाठवून राहिली मी."
"बरं केलंस. हेच त्याला जपणं आहे. तू खाल्लंस का?"
"नाई."
"भागरता, उपाशी पेशंटने राहायचं असतं. नातेवाइकांनी नाही. आत्ता जाऊन काहीतरी खा."
"हो बाई, हो." तिच्या 'हो'चं मला काय ते माहीत आहे.
मिश्राजींचा मेसेज: "अंदर ले गए. घंटी साथ ले जाने नहीं दी, मेरी जेब में है." टिकलीचा गळा मोकळा आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.
ती मागच्या अंगणात तुरीचा पाला खात बसलीय. मधेच थांबते, कान उभे करते, परत खाते.
दुपार झाली. फोन समोरच आहे. दोन कुत्री, एक गाय पाहून झाली. शेजारी माझा सकाळचा पोह्यांचा डबा. अजून उघडलेला नाही.