गुरुवारचं ऐकणं

अण्णा, हल्ली जॅझ फोनवर मिळतं. तेही विषयवार लावून ठेवलेलं. पावसात ऐकायचं वेगळं, जेवताना ऐकायचं वेगळं, कामात लक्ष लागावं म्हणून वेगळं, झोप यावी म्हणूनसुद्धा वेगळं. कुणी निवडलं, एकामागे दुसरं का ठेवलं, याचा पत्ता नसतो. मोशीहून चाकणला जाणाऱ्या माझ्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसते आणि ट्रॅफिकमध्ये बस अडकली की एकेक विषय उघडून बघते. दोन गाणी झाली की बंद करते. वाजवणारे चांगलेच असतात. पण तुम्ही एखादा विषय निवडायचात तेव्हा त्या निवडीमागे तुम्ही असायचात, आणि तुमचं काय चाललंय ते त्यातून कळायचं. हे मला फार उशिरा समजलं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्ही मूळचे उदगीरकडचे. चुलत्याचा लग्नात वाजवणारा बँड होता, त्यात क्लॅरिनेट वाजवायचात. वाद्य चुलत्याचं, ते गावीच राहिलं आणि तुम्ही भोसरीला आलात, फोर्जिंगमध्ये लागलात. लालबुंद लोखंडाचा तुकडा चिमट्यात धरायचा, हॅमरखाली ठेवायचा, वरून घण पडला की फिरवायचा, पुन्हा घण. कारखान्यातली तुमची शॉप आमच्या खोल्यांपासून तशी लांब होती, तरी दुपारी शाळेतून येताना रस्त्यावर पायाखाली धप्प धप्प लागायचं. कानात घालायला तुम्हाला आधी कापूस होता. रबरी बोळे पुष्कळ नंतर आले, आणि ते घातले की शेजारच्याचा इशारा ऐकू येत नाही म्हणून निम्मे लोक काढून खिशात ठेवायचे. तुम्हीही.

त्याच शॉपमध्ये मेंटेनन्सला एक गोव्याचे फिटर होते. आम्ही त्यांना फिटरकाका म्हणायचो. तरुणपणी हॉटेलांतल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेला माणूस, पुढे हॉटेलं बंद पडली आणि पाना हातात आला. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही शीळ घालत होता, ती ऐकून ते तुमच्यापाशी येऊन बसले, असं तुम्ही सांगायचात. त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा कॅसेट दिली तेव्हा तुम्ही एका दिवसात दोन्ही बाजू ऐकून परत नेऊन दिलीत. ते चिडले. "पात्रांव, हे असं भरभरून नाही ऐकायचं. भेळ होते सगळी. एका दिवशी एकच गोष्ट धर. आज फक्त ट्रम्पेट. पुढच्या वेळी गाणं एकच, वाजवणारे चार. कोण काय करतो ते बघत बस."

तेव्हापासून आपल्या घरी गुरुवार सुरू झाला. भोसरीत सुट्टी गुरुवारची आणि वीजही गुरुवारीच जायची, म्हणून टेपमध्ये सेल घालून ठेवलेले असायचे. मी शाळेतून येते, तोंड धुते, आई चहा टाकते, तुम्ही पलंगावर मांडी घालून बसता आणि विषय सांगता. आई त्या सगळ्याला "पीं पीं" म्हणायची, पण उठून कधी गेली नाही. एका गुरुवारी तुम्ही एकच गाणं चार जणांचं लावलंत. मला चारही वेगळीच गाणी वाटली. तुम्ही हसलात. म्हणालात, "वरातीत घोडा अडला, पाव्हण्यांत भांडण लागलं, की तेच गाणं तासभर ओढावं लागायचं. तेव्हा आम्हीबी हेच करायचो. जरा वाकडं, जरा उलटं, जरा लांबवून. फक्त आम्हाला कुणी ऐकत नव्हतं." एकदा विषय होता मयत. आई वैतागली, "दिवेलागणीला मयताची गाणी कशाला हो?" तुम्ही तिला समजावून सांगितलंत की अमेरिकेत एक गाव आहे, तिथं माणूस मेला की बँड लावतात, जाताना संथ वाजवतात आणि माती देऊन परतताना नाचायचं वाजवतात. आई म्हणाली, "आपल्याकडं हलगी वाजतीच की. त्यात काय नवल?" तुम्ही मान डोलावलीत आणि आवाज थोडा वाढवलात. तिला नवल न वाटणं तुम्हाला आवडलं असावं.

फिटरकाका कंपनी सोडून गोव्याला गेले तेव्हा मी अकरावीत होते. जाताना कॅसेटचा खोका आपल्याकडे ठेवून गेले. त्यानंतर विषय तुम्हीच काढू लागलात. त्याच वर्षातली एक संध्याकाळ. तुमची आवडती कॅसेट, तीन जणांची: पियानो, बास आणि ड्रम. तो ड्रमवाला काठ्यांऐवजी तारांचा ब्रश कातड्यावर फिरवायचा, त्याचा सरसर आवाज गाण्याच्या खालून सतत चाललेला. तुम्ही ऐकता ऐकता कपाळाला आठ्या घातल्यात. "हा गडी झोपलाय का? ड्रम कुठं गेला?" मी म्हणाले, "आहे की अण्णा. हा काय, सरसर चाललाय." तुम्ही टेपचं झाकण उघडून हेड पुसलंत. पुन्हा लावलंत. मग म्हणालात, टेप घासली. पुढच्या गुरुवारी पिंपरी बाजारातून त्याच गाण्यांची दुसरी कॅसेट घेऊन आलात. नवीकोरी. ती लावलीत, कान टेपला टेकवलात, आणि मी काही बोलायच्या आत बंद केलीत.

आईला मी काही सांगायची गरज पडली नाही. तिनं तिच्या पद्धतीनं बघून घेतलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून दाढी करत होता, आणि तिनं मागे उभं राहून पातेल्यावरचं स्टीलचं झाकण फरशीवर सोडलं. मी दचकले. शेजारच्या काकू "काय पडलं गं?" म्हणून दारात आल्या. तुमचा हात गालावर तसाच सरळ खाली आला. आईनं झाकण उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. रात्रीच्या स्वयंपाकाला बसली तेव्हा म्हणाली, "किती दिस झाले?" तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता, म्हणून कळलं तुम्हाला. म्हणालात, "कंपनीत कळलं तर हॅमरवरनं काढतील. स्टोअरला टाकतील. स्टोअरला गेलेला माणूस अर्धा रिटायर." आई म्हणाली, "आणि पुरता बहिरा झालेला?" तुम्ही तोवर मान वळवून कॅसेटी खोक्यात लावायला घेतल्या होत्या. ऐकू आलं नव्हतं की आलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

कंपनीत वर्षातून एकदा कानाची तपासणी व्हायची. एक गाडी यायची, तिच्यात काचेची खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. टुक आवाज आला की बटण दाबायचं. तुम्ही ती तपासणी कशी पास होता ते आम्हाला हसून सांगितलं होतंत. "बाहेर बसलेली पोरगी आवाज सोडायच्या आधी खाली बघते. तिनं मान खाली घातली की मी दाबतो." बरीच वर्षं हे चाललं. मग एका वर्षी नवी गाडी आली, तिच्यात खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत.

गुरुवार मात्र सुटला नाही, आणि आता मी जे सांगते आहे ते मला तेव्हा दिसत असूनही कळत नव्हतं. तुमचे विषय बदलत गेले. आधी ट्रम्पेट असायचं, ते थांबलं. मग पुष्कळ दिवस सॅक्सोफोन. मग म्हणालात, आजपासून ट्रॉम्बोन, तो फार दुर्लक्षित गडी आहे. मग फक्त बास. त्या दिवसांत टेप लोखंडी कपाटावर ठेवून तुम्ही कपाटाच्या दाराला तळहात लावून उभे राहायचात. मला वाटायचं अण्णांची आवड बदलते आहे. तुमच्या कानातून आवाज वरून खाली, आधी बारीक मग जाड, असे एकेक करून जात होते, आणि जेवढं उरेल तेवढ्याचा विषय तुम्ही लावत होता. जे सुटलं ते मी तुम्हाला सांगायचं, हे कधी ठरलं नाही, होत गेलं. तुम्ही माझ्याकडे बघून भुवई वर करायचात. मी तोंड नीट उघडून सांगायची: "आता ट्रम्पेट आलं. रागात आहे. आता जरा नमलं." जॅझ मला आलं ते असं, तुमच्यासाठी त्याचं मराठी करता करता.

घरातलं बाकीचं सगळं खराबच होत गेलं, ते का लपवू. तुम्ही ओरडून बोलू लागलात. आम्ही हसलो की "माझ्यावर हसता?" म्हणायचात. लग्नाकार्याला जाणं सोडलंत. कंपनीनं चाकणला नवा प्लांट काढला, हॅमरवरून काढून तिथल्या यार्डात तुम्हाला टाकलं, माल मोजायला. पहाटे बसमध्ये बसायचात, कुणाशी बोलायचा नाहीत. मी तेव्हा नोकरीला लागले होते. कानाचं यंत्र आणू या म्हटलं, तर ते दोन दिवस लावून तुम्ही काढलंत. म्हणालात, "यातनं सगळंच हॅमरसारखं येतंय."

मग तो गुरुवार. बऱ्याच महिन्यांनी तुम्ही आपण होऊन पलंगावर मांडी घातलीत. आईला हाक मारलीत, मलाही. आणि विषय सांगितलात, "ब्रश." आईनं माझ्याकडे बघितलं. मी तीच तीन जणांची कॅसेट काढली. तुम्ही कपाटाला हात लावला नाहीत, भुवईही वर केली नाहीत. डोळे मिटलेत आणि तळहात पुढे केलात. मग मी तुमच्या तळहातावर बोटं फिरवायला लागले, ब्रश जसा फिरत होता तशी. सुपात तांदूळ घोळवावेत तशी. मध्येच तो थांबायचा, मीही थांबायची. शेवटी त्यानं एकदाच चादर झटकल्यासारखा हात मारला, तो मी मारला. बाजू संपून टेप खटकन बंद झाली, ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही हात तसाच धरून होता. पुष्कळ वेळानं म्हणालात, "आठवलं." आई उठून मोरीत गेली आणि तिथं विनाकारण पाणी सोडून उभी राहिली.

पुढचा गुरुवार झाला नाही. यार्डात दुपारच्या जेवणानंतर माल उचलणारा एक फोर्कलिफ्ट उलटा, मागे मागे येत होता. चालवणाऱ्याला मागचं दिसत नव्हतं. उलटा येताना तो टीं टीं वाजतो, अगदी बारीक. तुमच्या कानातून सर्वांत आधी गेला तसला आवाज. मी पोचले तेव्हा तुम्हाला चादरीनं झाकलेलं होतं आणि यार्डात पुन्हा काम सुरू झालेलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कंपनीतले एक साहेब घरी आले. चांगले बोलले, पाणी प्याले. निघता निघता म्हणाले, "ताई, हॉर्न वाजत होता. सगळ्यांनी ऐकला." आई तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सगळ्यांनी ऐकला असंल. ह्यांचे कान तुमच्या हॅमरनं कवाच नेलते. ते आधी आणून द्या साहेब, मग म्हणा ऐकलं न्हाई म्हणून." साहेब चपला घालत थांबले, मग खाली बघत निघून गेले. पुढे चौकशी झाली. तिच्यात कारण लिहिलं: कामगाराचं दुर्लक्ष. मी तो शब्द वाचला आणि मला हसूच आलं, अण्णा. रडू नंतर आलं. आयुष्यभर तुम्ही लक्ष देण्यापलीकडे दुसरं काय केलं होतं? एका ब्रशसाठी दुसरी कॅसेट आणणाऱ्या माणसाबद्दल तो शब्द होता. आम्ही भांडलो, तारखांना गेलो, वकील बदलला. शब्द बदलला नाही.

आई आता माझ्याकडेच असते. परवा कशावरून तरी मी म्हणाले, अण्णा किती ओरडून बोलायचे ना. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू कुणाचं सांगलालीस बाई? लग्न झालं तवा ह्यांचं बोलणं शेजारच्या खोलीत जायचं न्हाई. काय म्हणले ते कळायला जवळ सरकावं लागायचं." मी म्हटलं, असेल. मग रात्रभर शोधत राहिले. तुम्ही मला लहानपणी हाक मारली असेल, गोष्ट सांगितली असेल, तापात डोक्यावर हात ठेवून काही बोलला असाल. शब्द आठवतात. आवाज म्हटला की तो हॅमरवरचा, ओरडून बोलणाराच येतो.

हे मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू. खोक्यातल्या कॅसेटवरचा प्रत्येक सूर मला पाठ आहे. तुमचा तो हळू आवाज मी ऐकला असणार, आणि मला तो आठवत नाही.