गिझर दादाच्या अंगणात

रवि. १८ नोव्हें. ०१
जावईबापू नांदेडहून एकटेच आले. सुजाताला सातवा लागलाय, एस्टीचे धक्के नकोत म्हणून तिला ठेवून आले. आंघोळीला गेले, बादलीत हात घातला नि ओरडले. करंट. तांब्या एकीकडं, बापू एकीकडं. तरी बरं, पायात चपला होत्या. मागल्या महिन्यात सौ.ला हेच झालं तेव्हा मी म्हटलं होतं, मुंग्या आल्या असतील. घ्या मुंग्या.
जेवताना मान खाली घालून म्हणाले, "मामा, राग मानू नका. पण सुजाताला या न्हाणीत मी न्हाई पाठवत. बाळंतपण नांदेडलाच होऊ द्या."
बोलले ते बराबर. पण पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि माहेरात नाही? सौ. ताटावरून उठली.

मंगळ. २० नोव्हें.
वायरमनला आणलं. न्हाणी बघून हसला. चार बाय चारची कोठडी, वर पत्रा, डोक्याला लागेल असा टांगलेला गिझर. वाफेनं वायरी सगळ्या ओल्या. "कंडक्टर सायेब, हे आत ठेवूच नका. बाहेरच्या भिंतीला घ्या. आत नुसता नळ येऊ द्या. अर्थिंग नवीन करून देतो."
बाहेर म्हणजे कुठं, हा प्रश्न. समोर रस्ता. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं चिकटून. राहिली मागची भिंत. भिंत माझी, पण तिच्या पलीकडचं अंगण दादाचं.
दादा माझा थोरला भाऊ. वाटणी झाली तेव्हा सुजाता तिसरीत होती, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मला काही ऐकवायचं असलं की दादा त्याच्या शेळीला सांगतो, मोठ्यानं. मी पण कमी नाही, मी सायकल पुसत पुसत सायकलला सांगतो. वायरमनला म्हटलं, बघू दोन दिवसांनी.

गुरु. २२ नोव्हें.
सौ. म्हणाली, दादांना विचारा. मी म्हटलं, जीव गेला तरी विचारणार नाही. तर म्हणते, त्या न्हाणीत कुणाचा तरी जाणारच आहे. पदर खोचून स्वतःच गेली वहिनीकडं.
वहिनी म्हणाली म्हणे, "इचारायला काहून आलीस? लेकरू घरी येऊन राहिलं न."
संध्याकाळी दादाचा आवाज आला. शेळीला: "चल व, तुझा खुटा तिकडं ठोकतो. या भिंतीला काम हाय म्हणं."
चहा हातातच गार झाला. सौ.नं दुसरा दिला.

सोम. २६ नोव्हें.
वारंगा फाट्याच्या गाडीवर ड्यूटी. परत आलो तर काम झालेलं. एकदम साफ. पण बटण? सौ.नं वायरमनला दहा वेळा बजावलं होतं, पाण्यापासून लांब बसव. त्यानं बसवलं थेट बाहेर, गिझरशेजारी. म्हणजे पाणी माझ्या न्हाणीत नि बटण दादाच्या अंगणात. वायरमनला नावं ठेवावीत तर सौ. फुगते, लांब बसव म्हणणारी तीच. तो गेला लग्नाला गावाकडं, कधी उगवंल देव जाणे.

मंगळ. २७ नोव्हें.
सकाळी सौ. भिंतीवरून: "वैनी, टाका व बटण." वहिनीनं टाकलं. पहिली आंघोळ मीच केली, झालंच काही तर म्हाताऱ्याला होऊ दे. आधी टेस्टर, मग करंगळी, मग आख्खा हात. काही नाही. नुसतं कढत पाणी. डोळे भरून आले, सौ.ला सांगितलं साबण गेला.

रवि. ९ डिसें.
जावईबापू आले. बिचाऱ्यांनी बादलीत तीनदा बोट घालून बघितलं. बाहेर आले ते हसतच. "पुढल्या रविवारी आणून सोडतो." सौ.नं लगेच डिंक भाजायला घेतला. माणूस चांगला मिळाला पोरीला. कुणाचे आभार मानावेत कळत नाही, पण मानतो.

बुध. १२ डिसें.
ड्यूटीवरून आलो तर गिझरच्या डोक्यावर पत्रा. लाकडाच्या पट्ट्या मारून, उतार देऊन. दादाचं काम, खिळा ठोकायची त्याची तऱ्हा मला माहीत आहे. सायकलला म्हटलं, "पत्रा झकास बसला बरं का." पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

६ जाने. ०२
सुजाता आली तशी दिवसभर दादाच्या अंगणात. ऊन तिकडंच चांगलं म्हणते. वायरमन परत आलाय, बटण आत घेऊ का विचारत होता. राहू दे म्हटलं. रोज सकाळी वहिनी बटण टाकते, लाईट नसली तर चुलीवर हंडा ठेवते. दादा त्या बटणाकडं फिरकत नाही. वहिनी हसते, "करंटाला लई भितेत ते. घरातला दिवा बी मलाच लावा लागते." मला एवढी वर्षं भाऊ असून माहीत नव्हतं.

५ फेब्रु.
सरकारी दवाखाना. वही पिशवीत होती, बाकावर बसून लिहून राहिलो.
सिद्धेश्वरची फेरी करून दुपारी डेपोत उतरलो तर निरोप, सुजाताच्या पोटात दुखायला लागलं, दादानं रिक्षा करून नेलं. तसाच पळत आलो. सौ. आणि वहिनी आत. दादा बाकावर एकटाच, पायात दोन जोडाच्या दोन चपला.
शेजारी बसलो. इथं ना शेळी ना सायकल.
"आत नेलं," दादा म्हणाला. मला.
मी म्हटलं, "बरं."
मग म्हणाला, "निघता निघता बटण टाकून आलो. तुझी वैनी रिक्षात बसली होती, मग मीच टाकलं."
"दादा, दोन-तीन दिवस इथंच ठेवून घेतेत तिला. आजच कशाला पाणी?"
"मला काय म्हाईत. बाळंतिणीला कढत पाणी लागते एवढं म्हाईत हाय."
ज्या हातानं बटण टाकलं तो त्यानं मांडीवर ठेवला होता. मी धरला. त्यानं काढून घेतला नाही.
सिस्टर दोनदा बाहेर येऊन गेली. अजून काही सांगत नाही.