बासरी तिकडेच राहू दे

डेट्रॉइट, फेब्रुवारी

प्रिय वेंडेल,

तुझी रेकॉर्ड पोचली बाबा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवलंस, आता कव्हरवर तुझं नाव! आई अशी हरखली की विचारू नकोस. शेजारच्या कॉर्डीलियाला हाका मारून बोलावलं, मक्याचा पाव कापला. सगळं ऐकून झाल्यावर विचारते कशी, बाकीचे एवढे राबतायत आणि आमचा पठ्ठ्या नुसता बसून होता होय? अगं, बासरी वाजवतोय तो, म्हणून मी कानाशी ओरडले. तर म्हणे, समजूत काढू नकोस माझी. कॉर्डीलियानं पावाचा आणखी एक तुकडा उचलला.

आईचे कान गेलेत रे. ठार नाही, बारीक आवाज तेवढे गेले. किटली शिट्या मारून थकते, हिला पत्ता नाही. चर्चमधल्या एझ्राकाकांचा खर्ज मात्र बरोबर ऐकू येतो.

तुझे दात काढावे लागले हे तिला सांगू नको म्हणालास, मी तोंड शिवून बसले. कवळीवर सॅक्सोफोन टिकत नाही, चारचौघांत हसं नको, म्हणून तू बासरी धरलीस आणि नाव काढलंस. मासिकातली तुझी स्तुती मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. ती म्हणते, लिहिणाऱ्याचं काय जातंय! तू वाजवणं सोडलंस आणि आम्ही लपवतोय, असंच तिनं मनाशी धरलंय. प्रार्थनेत रोज तुझं वाजवणं परत मागते. ऐकवत नाही मला.

गेल्या आठवड्यात पलंगाखालून तुझा सॅक्सोफोन काढला. तोंडात धरायच्या जागी तुझ्या दातांनी पाडलेला खळगा अजून आहे. त्यावर अंगठा ठेवला आणि रडले, खोटं कशाला बोलू. आठवतं? तू स्वयंपाकघरात सराव करायचास, आई भाजी निवडता निवडता सॅक्सोफोनच्या कर्ण्यावर ओला हात ठेवायची. खालचा सूर हाताला थरथरला की म्हणायची, हा माझा. आता तुझ्यापासून कशाला लपवू? डॉक्टर म्हणाले, ईस्टरपर्यंत काही ती राहत नाही.

म्हणून लिहितेय. ये. बासरी तिकडेच राहू दे. सॅक्सोफोन मी दुरुस्त करवून ठेवलाय. कवळी निसटू दे, सूर फाटू दे. इथे कोण मासिकवाला बसलाय? एकच खालचा सूर लाव. ती हात ठेवेल. तू बसून नव्हतास, एवढं तिला कळू दे.

तुझीच थोरली,
अर्लीन