ड्रायव्हर सीटची शिवण

बुधवार, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज नागपूरचे साहेब आपली गाडी पाहाले आले. आमच्या लोहारा गावच्या गॅरेजात सहा महिन्यांपासून बनून राह्यली ती. खालून रेसच्या गाडीसारखी, इंजिन-चाकं सगळं नवं. वरून मात्र गोल दिव्यांची, जुन्या जमान्यातली. कोणाले कायचा शौक! सीटा मी शिवल्या. ड्रायव्हर सीटची मधली शिवण हातानं घातली, म्हणून टाके जराक लहानमोठे आले.

आठ दिवस गॅरेजवाले दिलीपभाऊ मागं लागले होते. "ताई, उसवा ते, मशीन मारा. साहेब गाडी इथंच सोडून जातीन."

मी म्हटलं, "गाडी बुढ्यासारखी दिसाले पाह्यजे ना? मंग बुढ्याले रेडिमेड टी-शर्ट कायले घालता?" नाहीच उसवली.

पण साहेब सीटवर बसले अन् त्याच शिवणीवरून अंगठा फिरवाले लागले, तेव्हा मले वाटलं, उसवाले पाह्यजे होती का?

"हे हातानं कोणं शिवलं?"

"आमच्या ताईनं," भाऊ लगेच बोलले. "मीच सांगतलं होतं, हातानंच शिवा म्हणून."

मी साहेबासमोरच म्हटलं, "काहून खोटं बोलता भाऊ?"

साहेब असे हसले का गाडी हालली. म्हणे, अशीच शिवण स्टेअरिंगले पण पाह्यजे.

चौथी शिकली मी. पण ती शिवण माही आहे, अन् आता ती गाडीसोबत नागपूरले जाईन.

साहेब गेल्यावर भाऊ चामडं घेऊन आले. "ताई, स्टेअरिंगले टाका कोणता घ्याचा?"

आठ दिवस हुकूम सोडणारा माणूस विचारून राह्यला! म्हटलं, पहिले चहा सांगा.