मामाने पाठवलेला पट्टा

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. दुकानातून भाच्यासाठी पाठवलेला गरम होणारा पट्टा पोचला. बाळाच्या पोटातला वायू चुटकीसरशी जातो, असं खोक्यावर लिहिलंय. आमचं बाळ मात्र संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन घर डोक्यावर घेतं. काल तर त्याच्याबरोबर मीही रडले. मी वाईट आई आहे, असंच वाटायला लागलंय रे.

पट्टा आधी तुझ्या मेहुण्यांच्या पोटावर बांधला. तिथे भरपूर जागा आहे. बटण सगळ्यात कमीवर ठेवलं. गडी लगेच घोरायला लागला आणि उठला तो बोंबलतच! पोटावर हा एवढा लालभडक चट्टा. डॉक्टरीणबाईंनी पट्टा पाहून कपाळाला हात लावला. तान्ह्याची कातडी पटकन भाजते म्हणाल्या, आणि वायू काढायला बाळाच्या शीच्या जागी घालतात त्या नळ्याही आपल्या मनाने वापरायच्या नाहीत, आत इजा होते. बाळ तपासलं, ते ठणठणीत आहे. हे रडणं काही महिन्यांत आपोआप कमी होईल म्हणे.

दादा, ते पट्टे विकायचे बंद कर. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
बिट्टी

८ फेब्रुवारी

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. अगं, मेहुणे कुंभकर्णासारखे झोपले, त्यात पट्ट्याचा काय दोष? इतके पट्टे विकले, एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तू पहिल्यापासूनच घाबरट. कोमट पाण्यानेसुद्धा तुला चटका बसायचा. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग, पण दुकान मला चालवायचंय.

भाच्याला पापा. तुला, झोप मिळो हा आशीर्वाद.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तक्रार नाही कशी? ज्यांच्या पोटावर पट्टा बांधतात ते तक्रार करतातच की, रडून. आणि आयांना वाटतं, पोटच दुखतंय. मला खरंच भीती वाटते, दादा. एकदा स्वतःच्या पोटावर बांधून बघ ना. घाबरट मी आहे, तू थोडाच आहेस?

वहिनीला नमस्कार. मलम घरात आहे का, तेवढं तिला विचारून ठेव.

तुझी,
बिट्टी

१९ फेब्रुवारी

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

बांधला. मेहुण्यांबद्दल मला आता फार जिव्हाळा वाटू लागलाय. वहिनीने मलम लावलं, पण कीव काडीची केली नाही.

सगळे पट्टे फळीवरून काढले आणि ज्यांना विकले त्यांना फोन करत सुटलो. एक बाई म्हणाल्या, पट्टा बांधला की बाळ जास्तच रडतं, म्हणून त्या बटण वाढवत होत्या. पोटावरच्या लाल डागांना त्या घामोळं समजत होत्या. त्यांना तसंच डॉक्टरकडे पाठवलं. बाळ बरं होईल, असा संध्याकाळी त्यांचा फोन आला. तोवर मी गल्ल्यावर नुसता बसून होतो.

वाईट आई म्हणे! तू बाळाला बांधायच्या आधी पट्टा तपासून तरी बघितलास. मी विकायच्या आधी तेवढंही केलं नाही.

रविवारी येतो, रिकाम्या हाताने. तू आणि मेहुणे खुशाल झोपा. भाचा माझ्या खांद्यावर राहील. त्याची जी काही तक्रार असेल, ती मामा उभ्याउभ्या ऐकून घेईल.

तुझा,
दादा