मलरला द्यायचं पत्र

३ जून, मंगळवार
आलं: हवेची गादी, मोटरसकट, रु. ३४००. बेडपॅन स्टीलचं, ४५०. (प्लॅस्टिकचं २०० ला होतं, पण ते वर्षभर टिकणार नाही. म्हणजे वर्षभर लागणार असं मीच धरून चालले. देवा.) मोठ्यांचे डायपर, दहांचं पाकीट, ३८०. आणि एक मुलगी, महिना ६०००. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. नाव मलरविळी, मलर म्हणतात. साक्कोट्टैहून टाउन बसने येते. बसला बायकांना भाडं नाही, म्हणून जाण्यायेण्याचं वेगळं मागितलं नाही. मधल्या वेळात इथेच गावात रुग्णसेवेचा वर्षाचा कोर्स शिकते. वय एकोणीस. मनगट माझ्या लाटण्याएवढं. ही सासूबाईंना उचलणार?

५ जून, गुरु.
उचलत नाही, वळवते. चादरीची दोन टोकं धरून, स्वतः गुडघ्यात वाकून. "मामी, कंबरेतून नको, गुडघ्यातून जोर लावा." मला शिकवते! सा. बाईंना चैत्रात पक्षाघात झाला, तेव्हापासून एकटी करते आहे मी. माझी कंबर गेली ती अशीच गेली म्हणे.
दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याचा तक्ता भिंतीवर चिकटवला. नेमका व्यंकटरमणाच्या तसबिरीशेजारी. काढायला लावला. भिंतीचा रंगही निघाला.
स्वयंपाकघरात यायचं नाही, आमच्यात सोवळं असतं, सांगितलं. "सरि मामी." कॉफी ओसरीवर दिली. पेला धुऊन उपडा घालून गेली. वळण आहे.

९ जून, सोम.
घरात आमची मराठी, बाहेर सगळं तमिळ. झटक्यानंतर सा. बाईंचं तमिळ गेलं. ज्या तमिळमध्ये साठ वर्षं भाजीवाल्यांची हजामत केली, ते सगळं. आता "मज नक्को" आणि "पाणी", एवढी मराठी उरली. मलरला मराठीचं अक्षर येत नाही. नियम घालून दिला: त्या काय म्हणतात ते मी सांगेन, मग तू करायचं. मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही.
जाताना तिने विचारलं, पत्र द्याल का? तंजावरला नर्सिंगची शाळा आहे, गेल्या वर्षी मार्क कमी पडले. यंदा मुलाखतही आहे. आजाऱ्याचं खरंच केलंय का ते बघतात, ज्या घरी केलं त्यांचं पत्र मागतात. जूनअखेर मुलाखत.
म्हटलं, बघू.
जागा मिळाली तर ऑगस्टात ही गेली. मग पुन्हा मी आणि ही गादी. माझ्याच हाताने लिहून द्यायचं!

१४ जून, शनि.
काल पापनाशम्‌हून वन्सं आल्या होत्या. आईच्या उशाशी दहा मिनिटं, पंख्याखाली दोन तास. डांगर पचडी दोनदा मागून घेतली.
आज सकाळपासून सा. बाईंचं एकच: "काल... काल..." मी म्हटलं, हो, काल आल्या होत्या, पुढच्या आठवड्यात येतील हो. मान हलवतात, रडतात. "काल." लेकीची माया, दुसरं काय. माझ्यासाठी कधी रडल्या नाहीत.
संध्याकाळी मलरने ऐकलं आणि सरळ पांघरूण बाजूला केलं. "पाट्टी, काल वलिक्कुदा?" आजी, पाय दुखतोय का म्हणून. मला हसू आलं. म्हटलं, अगं, तुमच्या तमिळमध्ये काल म्हणजे पाय. आमच्यात काल म्हणजे नेट्रु, कालचा दिवस. ती हसली नाही. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप मागितली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी ३५ सें.मी., उजवी ३१. वहीत लिहिलं. "मामी, डावी गरमही लागते. डॉक्टरांना दाखवा. आणि तेल चोळू नका, मेहेरबानी करा."
तेल चोळू नका! ह्या घरात लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्यांचे पाय मीच चोळते आहे. म्हटलं, वर्गात शिकलीस ते वर्गात सांग. वाळत घातलेले कपडे काढून आण.
कपडे काढले. घड्या घातल्या. जाताना पुन्हा म्हणाली, "तेल नको, मामी."

१५ जून, रवि.
मलरची सुट्टी. तिळेल कोमट करून डावा पाय चांगला अर्धा तास चोळला. सा. बाई कण्हल्या, माझा हात ढकलला. रागच आला.

१६ जून, सोम.
सकाळी मलर आली, पाय बघितला, आणि आवाज चढवला. माझ्यावर! "मामी, आत्ताच्या आत्ता." ह्यांनी ऑटो आणला.
स्कॅन. डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉ. म्हणाले, आणखी चोळत राहिला असता तर सुटून फुप्फुसात गेली असती. मग काही हातात नसतं.
"माप कोणी घेतलं?" मलरने वही पुढे केली. डॉ. नी पान नीट वाचलं.
"आणि तेल कोणी लावलं?"
हे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी.
बाकावर बसून हे पुटपुटले, "काल म्हणजे पाय. आई तमिळच बोलत होती गं." छत्तीस वर्षं शाळेत तमिळ शिकवलं ह्यांनी. दोन दिवस ह्यांनीही ते ऐकलंच होतं.
अख्ख्या तमिळमधला एक शब्द त्यांच्याकडे राहिला होता, तो मी...

१९ जून, गुरु.
सा. बाई घरी. पोटात सुई, रोज दोनदा. कंपाउंडर एका सुईचे १५० मागतो. मलरला म्हटलं, तूच दे ना, एवढं येतं तुला. "नाही मामी. मला अजून शिकवलेलं नाही. शिकल्याशिवाय टोचणार नाही." वाद घातला, तरी नाही. कंपाउंडरच बोलावला. पैसे गेल्याचा राग आला. मग वाटलं, सोवळ्यात एवढी ताठ मी तरी असते का.
तिला पाहून सा. बाई तोंड उघडतात, चिमणीसारखं. माझ्याकडून पेज घेताना दात मिटतात. त्या बोलत नाहीत, पण दात बोलतात.

२१ जून, शनि. एकादशी
वन्सं. आईला मिठी मारून रडल्या, मग मला बाजूला घेऊन: "वहिनी, ती पोरगी पत्र मागतेय म्हणे? लगेच देऊ नका हं. दिवाळीपर्यंत लांबवा. ती गेली तर आईचं कोण करणार?"
तुम्ही. तोंडापर्यंत आलं. उपवास होता, गिळलं.
खरं सांगायचं तर त्यांनी माझ्याच मनातलं वाचलं, म्हणून जास्त संताप.

२४ जून, मंगळ.
मलरची मुलाखत परवा. मी तीनदा "उद्या" म्हटलं होतं, चौथ्यांदा म्हणवेना. तमिळमध्ये तीन ओळी लिहून दिल्या: मुलगी प्रामाणिक आहे. वेळेवर येते. घरातली वस्तू इकडची तिकडे झाली नाही. खाली सही.
तिने उभ्याउभ्याच वाचलं. घडी घातली. "मामी, यात पाट्टी कुठे आहेत?"
मी कुकरच्या शिट्टीकडे गेले.

२६ जून, गुरु.
ती तंजावरला. दिवसभर एकटी. तक्ता चुकला. कूस बदलताना चादर धरायला विसरले, त्यांचं कोपर घासलं. तोंड पुसायचं फडकं कोणतं, खालचं कोणतं? तिने कालच लाल आणि निळा दोरा बांधलाय, कोणता कशाचा विचारायचं राहिलं होतं. दुपारी चारला पाठीवर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. तिच्या हाताखाली तीन आठवड्यांत एकही नव्हता. माझ्या हाताखाली दहा तासांत उठला.
पूजा राहिली. नैवेद्यही नुसत्या दुधाचा.

२७ जून, शुक्र.
मलर आली. आधी पाठ बघितली, मग माझ्याकडे. बोलली असती तर बरं झालं असतं.
मुलाखतीचं विचारलं. बाकीच्या मुलींकडे दवाखान्यांची पत्रं होती, गोल शिक्क्यांची. तिथल्या मोठ्या बाईंनी माझं पत्र वाचून विचारलं, "केरभांडी करायचीस का?" ही म्हणाली, नाही, रुग्णसेवा. "मग पत्रात तसं का नाही?" पायाचं सांगितलं तिने. त्या म्हणाल्या, तोंडाचं आम्ही धरत नाही. घरच्यांनी सविस्तर लिहून द्यावं, मूळ सहीचं, टपालाने, पाच तारखेच्या आत पोचेल असं. तोवर नाव नुसतं बाजूला ठेवतो.
"बाकीच्या मुली बसमध्ये हसल्या," मलर म्हणाली. "म्हातारीचं धुणारी म्हणाल्या." आणि पाट्टींची नखं कापत बसली.
त्या बाईंचा राग आला. हसणाऱ्यांचा आला. पण पत्र कोणाचं होतं?

२९ जून, रवि.
लिहायला बसले. ह्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. "तेल चोळल्याचं कशाला? घरातली चूक कागदावर घालून टपालात टाकायची? लोक काय म्हणतील! तिने पाय ओळखला, एवढंच लिही."
म्हटलं, तिला अडवणारं कोणी होतं हे लिहिलं नाही, तर तिने काय केलं ते कळणार कसं? सगळे हो म्हणत असताना माप कोणीही घेईल.
"मी सही करणार नाही."
"नका करू. तेल तुम्ही नव्हतं लावलं."
जेवताना रसमात मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत.
वन्संचा फोन. उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

३० जून, सोम.
कागद सकाळी टेबलावर होता. दोन ठिकाणी पेन्सिलने शुद्धलेखन सुधारलेलं. ह्यांचं अक्षर. सही नाही.
मलरला दाखवू की नको? नाही दाखवलं. तिने वाचून "एवढं नको मामी" म्हटलं असतं, आणि मी लगेच ऐकलं असतं.

१ जुलै, मंगळ.
स्पीड पोस्टने गेलं. शाळेचा फोन कोणी उचलत नाही, म्हणून उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं. त्याच्यावर आधी आपला पत्ता लिहिला होता. मग वाटलं, उत्तर माझ्या हातात पडलं तर मी ते चार दिवस पोथीखाली ठेवीन. माझी मला खात्री आहे. तिकीट वाफेवर सोडवलं, दुसऱ्या पाकिटाला लावलं, त्यावर साक्कोट्टैचा पत्ता घातला.
पत्र तमिळमध्ये. इथे आपल्या भाषेत नक्कल:

"बाईंना नमस्कार. माझं शिक्षण मॅट्रिक, शिक्का नाही, म्हणून जे झालं तेच लिहिते. मलरविळी आमच्या घरी केरभांडी करत नाही. माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना ती दर दोन तासांच्या हिशोबाने वळवते, पुसते, भरवते, आणि सगळं वहीत लिहून ठेवते. ती नसते तेव्हाचा तक्ताही तिनेच आम्हाला करून दिला. ती होती तोवर पाठीला जखम झाली नाही. ती एक दिवस नव्हती आणि तक्ता माझ्याकडून चुकला, तेव्हा झाली.

चौदा जूनला सासूबाई 'काल' म्हणाल्या. आमची घरातली भाषा मराठी. मी ऐकलं ते 'कालचा दिवस', हिने ऐकलं ते 'पाय'. हिने पाय मोजला, डॉक्टरांना दाखवा म्हणाली, तेल चोळू नका म्हणाली. मी हिला कपडे काढायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तेल चोळलं. गुठळी होती. मी मालकीण होते आणि ती पगारी होती, तरी ती दोनदा बोलली, आणि तिसऱ्यांदा ओरडली. सुई मात्र मी सांगूनही दिली नाही, शिकले नाही म्हणाली. डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली आहे.

आधीचं तीन ओळींचं पत्रही माझंच. ते घाईत लिहिलं असं म्हणणार होते, पण घाई नव्हती. ती जाऊ नये असं वाटत होतं. अजूनही वाटतं. तुम्ही तिला घेतलंत तर आमची पंचाईत होईल. ती आम्ही बघू.

सोबतच्या पाकिटावर पत्ता तिच्या घरचा आहे. होय असो, नाही असो, तिलाच उलट टपाली कळवावं."