श्वास विसरणारी नात

आये,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आठवतं, लहानपणी आचऱ्याच्या घरी स्वयंपाकघरात मी बाबांच्या पेल्यातला चहा चोरून प्यायले आणि तू उलथनं घेऊन मागे लागलीस, "पोरांनी चाय पिवची नाय! मगे नीज येवची नाय!" आता ऐक. माझ्या लेकीची लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा, ओठ निळे पडायचे. नर्स तळपायाला टिचकी मारायची, की पुन्हा सुरू. मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तिचा मेंदू अजून कच्चा आहे, श्वास घ्यायचा विसरतो. म्हणून कॅफीन देतोय." चहा-कॉफीत असतं तेच, पण बाळाच्या वजनावर मोजून दिलेलं. तू त्यांच्याही मागे उलथनं घेऊन लागली असतीस.

हळूहळू थांबणं कमी झालं. मग एका सकाळी त्यांनी औषध बंद केलं. आता काही दिवस ती आपली आपण श्वास घेते का ते बघायचं, मगच घरी सोडणार. अशा बाळाला ऊब मिळावी म्हणून आईच्या उघड्या छातीशी धरतात; लेकीला ताप, म्हणून तिच्याऐवजी मी धरून बसले होते. शेजारी विहीणबाई, मांडीवर कॉफीचा थर्मास. त्या कुजबुजल्या, "औषध बंद केल्यानी ना? कॉफीत बोट बुडवन एक थेंब ओठांका लावया. कोणाक कळतला?"

"नको हां, विहीणबाई. घरची कॉफी म्हणजे औषध न्हय. किती पोटात गेली ता कोण मोजतलो?"

"तुमी पुस्तका वाचतास, तुमका सगळा म्हायत!" म्हणत त्यांनी तोंड फिरवलं. पण थोड्या वेळाने त्यांनीच कप माझ्या ओठांशी धरला, कारण माझे हात बाळात गुंतलेले. "तुमी तरी पिया. जाग्या रवा."

मी जागी राहिले. बाळाचं पोट माझ्या अंगावर वरखाली व्हायचं, आणि दोन श्वासांमध्ये जरा वेळ गेला की माझाच श्वास अडकायचा. तुझा जावई गेला तेव्हाही मी अशीच त्याच्या छातीवर हात ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत होते. तो आला नाही. हिचा मात्र येत राहिला.

परवा तिला घरी आणलं. आता अशी भोकाड पसरते की शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय गो, मारतंस काय तिका?"

आये, पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खरं सांगते. हे सगळं मला तुझ्या जावयाला सांगायचं होतं. त्यालाच लिहायला बसले होते. पहिली ओळ काही लिहवेना, म्हणून तुला लिहिलं.